माळ कुणी राखायचा?

यंदा येळवशीला शेतात कोप घालायला आम्हाला कडबा विकत आणावा लागला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या सगळ्या पट्ट्यात उभ्या पिकात कडब्याची कोप घालायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, अंबील, उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि येईल त्याला पंगतीला बसवायचं, ही आमची रीत. सण मुळात ज्वारीचा. पण भालकी तालुक्यातल्या आमच्या शिवारात ज्वारी आता शोधावी लागते. सोयाबीन आहे, तूर आहे, करंजा धरणाच्या पाण्यावर ऊस आहे. ज्याच्याकडून पाच पेंढ्या आणल्या, त्यानेही त्या औरादकडून आणल्या होत्या.

जेवायला आलेल्यांत शेतीचा सल्ला देणारे एक शिकलेले गृहस्थ होते. अंबील पिऊन झाल्यावर ते कोपीच्या तोंडाशी बसले. समोर ओढ्यापलीकडे आमचं गायरान दिसतं. त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘‘ही एवढी जमीन नुसती पडून आहे बघा. त्यात गवत कुठंय आता? जनावर चारायला सोडणं ही जुनी पद्धत झाली, अण्णा. दावणीला बांधा, मुरघास घाला, दूध काढा. आणि हिवरे बाजारचं गाव वर आलं ते चराई बंद केली म्हणूनच ना? ही जमीन सोलरला द्या, झाडं लावा, काहीही करा, पण गुरांच्या नावावर अडवून ठेवू नका.’’

पाहुण्याशी सणाच्या दिवशी वाद घालू नये म्हणून मी गप्प राहिलो. त्यांचं नाव इथे सांगायची गरज नाही, कारण हेच म्हणणं मी तालुक्याच्या बैठकीत ऐकलं आहे, चावडीवर ऐकलं आहे, पोरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. ते इतक्या वेळा बोललं गेलं आहे की खरं वाटायला लागलं आहे. म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

आधी ‘पडून आहे’ या शब्दाचं बघू. सरकारी भाषेत हा शब्द फार जुना आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, असा महसुलाचा हिशेब होता. आजही देशाच्या पडीक जमिनींचा जो अधिकृत नकाशासंग्रह निघतो, त्यात उतरती कळा लागलेली चराऊ कुरणं पडीक जमिनीतच धरलेली असतात. म्हणजे माळ आधी मरू द्यायचा, मेला की त्याला पडीक म्हणायचं, आणि पडीक म्हटलं की दुसऱ्याला द्यायचा रस्ता मोकळा. माझ्या आयुष्यात मी हे घडताना पाहिलं आहे. लहानपणी याच माळावर मारवेल आणि पवना गुडघ्याला लागायचा. पुढे पावसाळाभर एकही दिवस विसावा न देता गुरं, शेळ्या, मेंढरं त्यावर राहिली. जनावर गोड गवत आधी खातं, त्यामुळे मारवेल पहिला गेला. त्याच्या जागी कुसळी आली. कुसळी कोवळी असताना बरी, पण कुसळ धरलं की जनावराच्या तोंडात टोचते, मेंढराच्या लोकरीत अडकते. मग तीही विरळ झाली आणि तरवड, घाणेरी, गाजर गवत पसरलं. तरवडाला जनावर तोंड लावत नाही. लांबून माळ हिरवा दिसतो, पण त्यात खाण्यासारखं काही नसतं. पाहुण्यांना ‘गवत कुठंय’ असं वाटलं ते खोटं नाही. पण गवत गेलं ते माळाच्या दोषाने नाही, राखण गेली म्हणून.

राखण हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आमच्याकडे गावगुराखी असायचा. घराघरातून त्याला राखोळी मिळायची, कुठे जनावरामागे पैसे, कुठे सुगीत ज्वारी. कुठल्या नक्षत्रात कुठल्या अंगाला गुरं न्यायची, ओढ्याकाठचं गवत कधीपर्यंत बंद ठेवायचं, कुणाचं जनावर शिरलं तर कोंडवाड्यात घालायचं, हे त्याला आणि पाटलाला ठाऊक असायचं. ती व्यवस्था निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. पाटलाची गुरं चांगल्या अंगाला आणि महारवाड्यातली गुरं बरडावर, असंही चालायचं, आणि ते मोडलं ते बरंच झालं. पण ती मोडताना तिच्या जागी दुसरं काही उभं केलं नाही. आज आमच्या गायरानाला मालक म्हणून सरकार आहे, नकाशावर सर्व्हे नंबर आहे, पण गवत उगवतं तेव्हा त्यावर ‘अजून दोन महिने थांबा’ म्हणणारं कुणी नाही.

आता चराई ही ‘जुनी पद्धत’ आहे का, ते बघू. आमच्या भागातल्या जनावराचं नाव देवणी. उदगीरजवळच्या देवणीवरून हे नाव पडलं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे देवणी हे मुळात जुन्या बीदर जिल्ह्याचंच जनावर. राज्यांची फेररचना झाली, जिल्हा भाषेप्रमाणे वाटला गेला, पण गाय एकच राहिली. पांढऱ्या अंगाची, तोंडाच्या बाजू काळ्या असलेली वानेरा, जवळपास पांढरी बालंक्या, पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे ठिपके असलेली शेवरा. काळ्या चिकट जमिनीत नांगर ओढायला जड बैल आणि घरापुरतं दूध, या दोन कामांसाठी आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ती घडवली. हाळी हंडरगुळीच्या बाजारात देवणीची जोडी दिसली की माणसं अजूनही थांबून बघतात. बीदरला पशुविज्ञानाचं विद्यापीठ आहे, उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दोन्ही राज्यं तिचं कौतुक करतात, पण तिच्या पायाखालचं गवत राखण्यासाठी त्या कौतुकातलं काही खाली येत नाही.

ही गाय चालून खाणारी आहे. तिला दोन-तीन कोस चालवलं तर तिचे खूर झिजतात, नीट राहतात. पाठीवर ऊन बसतं. वासरं धट्टीकट्टी होतात. तिच्या जागी दावणीला बांधलेली होल्स्टिन संकरित गाय आणली तर रोज वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण, खुराक आणि उन्हाळ्यात पन्नास-साठ लिटर पाणी लागतं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, मका घेऊन मुरघास भरायला ज्याच्याकडे रान आहे, त्याला ते परवडेल, आणि त्याने ते जरूर करावं. मी मुरघासाच्या विरोधात नाही. पण आमच्या गावात दोन एकरवाला आहे, बिनजमिनीचा आहे, चार शेळ्या आणि एका गाईवर दूध, पोरांची फी, आजारपण भागवणारी विधवा बाई आहे. तिला ‘मुरघास घाला’ सांगणं म्हणजे तिचं जनावर विकायला सांगणं. तिच्या गाईची गव्हाण म्हणजे ते गायरान.

ज्या देशांकडे बोट दाखवून आपल्याला आधुनिक व्हायला सांगितलं जातं, तिथे चराई संपली असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकेच्या मध्य भागात मांसासाठी गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याकडे बघावं. तो फेस्क्यू नावाच्या गवताचं कुरण उन्हाळ्याच्या अखेरीस बंद करतो. दोन-तीन महिने त्यावर एक खूर पडू देत नाही. मग थंडी सुरू झाली की विजेची तार सरकवत, एका वेळी थोडा पट्टा मोकळा करत त्या उभ्या गवतावर गाई चारतो. का? कारण वाळलेलं गवत कापून, गठ्ठे बांधून, साठवून, परत गोठ्यात आणून घालण्यापेक्षा जनावराने स्वतः जाऊन उभं गवत खाणं स्वस्त पडतं. त्याची सगळी विद्या एका गोष्टीत आहे: गवत वाढतं तेव्हा थांबायचं आणि थांबलेलं गवत हिवाळ्यात मोजून खर्च करायचं. आमचा गावगुराखी हेच करत होता, फक्त तारेऐवजी त्याच्या हातात काठी होती.

त्यांची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. फेस्क्यू थंडीत हिरवा आणि पौष्टिक राहतो. आपलं माळरानाचं गवत पावसाळा संपला, बी धरलं की वाळतं, आणि वाळत जाईल तसं त्यातलं सत्त्व उतरतं. माघ-फाल्गुनातल्या उभ्या गवतात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. गुरांच्या पोटातल्या जिवाणूंना चारा नीट पचवायला साधारण सात टक्के तरी लागतात. म्हणजे जनावराचं पोट भरलेलं दिसतं आणि अंग मात्र सुकत जातं. यावरून कुणी म्हणेल, मग असलं गवत राखून उपयोग काय? उपयोग आहे, दोन गोष्टी केल्या तर. एक, सगळं गवत उभं न ठेवता काही भाग फुलोऱ्यात असताना, आश्विनात, कुसळ पडायच्या आत कापून वाळवायचा. कुसळीसुद्धा त्या वेळी कापली तर गवत असतं, पंधरा दिवसांनी काटा होतो. दुसरी, जे उभं राहील त्याच्या जोडीला कडधान्याचं काही तरी द्यायचं. बीदर-कलबुर्गीइतकी तूर पिकवणारा पट्टा देशात क्वचित आहे. मळणीनंतर उरलेली तुरीची गुळी, मुगा-उडदाचं, हरभऱ्याचं भुसकट, ओढ्याकाठच्या बाभळीच्या शेंगा, मूठभर सरकी पेंड. माळाच्या वाळल्या गवताला हे जोडलं तर देवणी हिवाळा अंगावर मांस राखून काढते. शेकोटीत घालायला गुळी पेटवून देणारे शेतकरी मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. ती अर्ध्या खुराकाइतकी मोलाची आहे.

हाताशी कडबा किंवा गव्हाचं काड असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून, थरावर थर शिंपडून, घट्ट झाकून एकवीस दिवस ठेवलं की तेच काड जास्त पचतं. पण हे जाणकाराच्या हाताखाली करावं, युरियाचं पाणी जनावराने प्यायलं तर जीव जातो. तसाच कोवळ्या ज्वारीचा धोका. कापलेल्या ज्वारीला पाऊस पडून फुटवे आले आणि त्यात जनावर शिरलं की किराळ लागते, तासाभरात आडवं होतं. हिवाळी चराई म्हणजे दोर सोडून मोकळं होणं, असं ज्यांना वाटतं त्यांना हे ठाऊक नसतं. चारणं हे कौशल्याचं काम आहे, आळसाचं नाही.

आता मोठा मुद्दा. पाहुण्यांच्या बोलण्याचा अर्थ असा, की गायरानावर गावाची गुरं जगू शकत नाहीत. हिशेब मी स्वतः मांडतो. कर्नाटकच्या जमीन महसूल नियमांत, १९६६ सालच्या नियम ९७ मध्ये, प्रत्येक गावात दर शंभर गुरांमागे बारा हेक्टर जमीन मोफत चराईसाठी राखून ठेवावी असं लिहिलं आहे. बारा हेक्टर म्हणजे तीस एकर. आमच्या माळासारख्या उजाड जमिनीवर हेक्टरी एक टन वाळकं गवत मिळालं असं धरू. बारा टन, शंभर गुरं, म्हणजे जनावरामागे एकशेवीस किलो. साधारण साडेतीनशे किलोचं जनावर दिवसाला आठ किलो कोरडा चारा खातं. झाले पंधरा दिवस. फक्त पंधरा. हे बघून पाहुणे म्हणतील, बघा, मी म्हणत होतो.

पण थांबा. हेच गायरान राखलं, तरवड काढला, चर खोदून पाणी मुरवलं, मारवेल आणि स्टायलोचं बी टाकलं, तर हेक्टरी तीन टन मिळणं अशक्य नाही. मग पंधराचे पंचेचाळीस दिवस होतात. पंचेचाळीस दिवस हा आकडा कागदावर छोटा वाटतो. गुरं पाळणाऱ्याला विचारा तो किती मोठा आहे. कार्तिकापासून माघापर्यंत जेवढे दिवस जनावर माळावर खाऊन येतं, तेवढे दिवस गंजीतली पेंढी शाबूत राहते. ती पेंढी चैत्र-वैशाखात कामी येते, जेव्हा शिवारात काडी नसते आणि कडब्याचा शेकडा ज्या भावाला जातो तो भाव ऐकून माणूस बैल विकायला काढतो. बैल विकला जातो तो हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात. पण विकायची वेळ येणार की नाही, हे हिवाळ्यातच ठरतं. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरच्या चारा छावण्यांत लोक बैल घेऊन का जात होते? गंज आधीच संपलेली होती म्हणून.

आणि चराई कालबाह्य झाली म्हणणाऱ्यांनी पिकं कशी बदलली तेही बघावं. पूर्वी खरिपाची सुगी झाली की शिवार मोकळं व्हायचं. मूग-उडीद निघालेलं रान, मळणी झालेल्या तुरीखालचा पाला, धसकटं, सगळं गावाच्या गुरांना खुलं असायचं. धनगर मेंढरं घेऊन यायचे, लोक त्यांना धान्य देऊन रात्री शेतात मेंढरं बसवून घ्यायचे, खताची सोय व्हायची. आज ऑक्टोबरात सोयाबीन निघतं न निघतं तोच हरभरा पेरतात. उसाला तर बारा महिने रान अडकलेलं. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला, आणि सोयाबीनचं काड जनावर निरुपायाने खातं. उसाचं वाढं घालावं तर त्यातलं ऑक्झलेट जनावराच्या अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं. म्हणजे हिवाळ्यात मोकळं रान उरलंच नाही. तेव्हा गायरानाची गरज आजोबांच्या काळापेक्षा आज जास्त आहे. ते काढून घ्यायची घाई मात्र नेमकी याच वेळी झाली आहे.

हिवरे बाजारचं नाव पाहुण्यांनी घेतलं म्हणून त्याबद्दल. त्या गावाने चराईबंदी केली हे खरं, पण ती कशासाठी? डोंगरावर गवत वाढू द्यायचं आणि ते कापून घरी न्यायचं, यासाठी. बंदी केल्यावर तिथे गवत वाढलं, गावाने ते कापलं, दूध वाढलं. ती गवताची राखणच होती. त्यांनी डोंगर कंपनीला दिला नाही, गवताच्या जागी दुसरं काही उभं केलं नाही. हिवरे बाजारचं उदाहरण देऊन आमचं गायरान सोलरला द्या म्हणणं म्हणजे धान्य साठवलं म्हणून ज्याचं कौतुक केलं, त्याच्याच कणगीला आग लावायला सांगणं. विजेची गरज मला मान्य आहे. रात्री पाणी द्यायला जाणारा माझा मुलगा साप-विंचवात फिरतो, दिवसा वीज मिळाली तर मला हवीच आहे. पण महाराष्ट्रात शेतीसाठीच्या सौर योजनेला शासकीय जमिनी देताना गायरानं त्यात धरली गेली, आणि त्याच महाराष्ट्राने काही वर्षांपूर्वी गायरान दुसऱ्या कामाला देऊ नये म्हणून महसूल संहितेत खास कलम घातलं होतं. सीमेच्या अलीकडे आमच्याकडेही हाच विचार पोहोचला आहे. सौर पत्रे छपरांवर बसतात, कालव्यावर बसतात, दगडाळ खडकावर बसतात. मारवेल मात्र मातीतच उगवतो.

झाडं लावण्याचंही तसंच. माळरान म्हणजे मेलेलं जंगल, अशी एक समजूत आहे. नीलगिरी, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया ओळीने लावलं की माळाचं भलं झालं, असं मानलं जातं. आमचा माळ कधी जंगल नव्हताच. जांभ्या दगडावरचा पातळ मातीचा थर गवताचाच आहे. बीदर-औरादच्या माळांवर अजून काळवीट दिसतात, ते दाट झाडीत राहत नाहीत. त्यांनाही गवतच लागतं.

आता कायद्याचा मुद्दा, जो आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१५ मध्ये बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. कर्नाटकात २०२० चा कायदा २०२१ च्या सुरुवातीला लागू झाला. आधी १९६४ च्या कायद्यात म्हातारा, निकामी बैल दाखला घेऊन जात होता, आता तेरा वर्षांवरची म्हैस-रेडा सोडला तर काहीच जात नाही. हा कायदा बरा की वाईट, यावर लोकांची मतं आहेत, माझंही आहे, पण इथे त्याचा वाद नको. एवढंच म्हणतो की जनावर मरेपर्यंत जगवायचं असेल तर मरेपर्यंत त्याला खायला लागणार. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम नाही. म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत नाही. तो आज ओढ्याकाठी, रस्त्यावर, दुसऱ्याच्या पिकात सोडला जातो, आणि त्याच्यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत डोकी फुटतात. ज्या सरकारने जनावर विकायची वाट बंद केली, त्या सरकारवर त्याला गवत देण्याची जबाबदारी येते. गायरान काढून घेणारा आणि बैल जगवा म्हणणारा, दोघंही एकाच शासनाचे. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गुरं आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटली होती. लोक शिंगाला हात लावत नाहीत ते धर्मामुळे, पण पाळणं सोडतात ते वैरणीमुळे.

एक गोष्ट मात्र ठामपणे वेगळी काढून ठेवतो, नाहीतर माझं म्हणणं चुकीच्या माणसाच्या कामी येईल. गायरानावर गेली कित्येक वर्षं कष्ट करून पोट भरणारी दलित, भटकी, भूमिहीन कुटुंबं आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनींसाठी. पुढे महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या अशा कसवणुकीला मान्यता देण्याची तरतूद झाली. ती तारीख आंबेडकर जन्मशताब्दी वर्षाच्या सुरुवातीची आहे आणि तिचा मान राहिलाच पाहिजे. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी आणि आधीच उभी असलेली शाळा किंवा दवाखाना यांना अपवाद धरला होता. नोटीस मात्र बहुतेक वेळा झोपडीला आधी जाते. ज्याने पंधरा एकर माळ ट्रॅक्टरने उकरून ऊस लावला, विटभट्टी टाकली, प्लॉट पाडले, त्याच्या दारात तलाठी पोहोचायला उशीर होतो. गायरान वाचवा म्हणणाऱ्याने आधी या दोघांत फरक करावा. एक एकरावर ज्वारी पिकवणारी बाई गवताची शत्रू नाही. तिच्या ज्वारीचा कडबा शेवटी याच गुरांच्या पोटात जातो.

तर मग काय करायचं? पाहुण्यांना मी हेच सांगायला हवं होतं. आमच्या गायरानाचे तीन भाग करता येतात, ओढा आणि गाडीवाट या नैसर्गिक हद्दी आहेतच. पहिल्या वर्षी एक भाग पावसाळ्यात चराईला खुला. दुसरा मृगापासून बंद, आश्विनात फुलोऱ्यावर कापायचा, गवत घराघरात जनावरांच्या संख्येप्रमाणे वाटायचं, ज्याच्याकडे जमीन नाही त्याला आधी. तिसरा बी पडेपर्यंत हात न लावता ठेवायचा, दिवाळीनंतर पट्ट्यापट्ट्याने हिवाळी चराईला. दुसऱ्या वर्षी भाग फिरवायचे. तिसऱ्या वर्षी कुठे काय उगवतं ते दिसायला लागेल. राखोळी पुन्हा सुरू करायची, आणि ती राखोळी रोजगार हमीतून देता येते का ते पंचायतीने बघावं. तरवड उपटणं, चर काढणं, बी टाकणं ही कामं तर त्यात बसतातच. पहिल्या वर्षी भांडणं होतील. कुणीतरी रात्री गुरं सोडेल. कुणाची तरी गाय कोंडवाड्यात जाईल आणि त्या घरची माणसं सरपंचाच्या दारात येऊन बसतील. हे सगळं मला दिसतं. तरीही तीन पावसाळे एका गावाने धीर धरला तर माळावर काय होतं ते आम्ही ओढ्याच्या अलीकडे पाहिलं आहे. माझ्या भावाने दोन एकर बरड काटे टाकून तीन वर्षं बंद ठेवलं. पहिल्या वर्षी तरवडच वाढला आणि लोक हसले. तिसऱ्या वर्षी पवना आला, बी कुठून आलं देव जाणे, बांधावर कुठेतरी टिकून असेल.

पंगत उठल्यावर पाहुण्यांना मी तिकडे न्यायला हवं होतं. अंबील संपवून ते निघाले तेव्हा उशीर झाला होता. पुन्हा येतील तेव्हा नेईन, माघात, म्हणजे गवत उभं असताना त्यांना दिसेल.

ज्येष्ठात ग्रामसभा आहे. त्याआधी मी तहसीलमधून गायरानाच्या सर्व्हे नंबरचा पहाणीचा उतारा काढून आणला. अतिक्रमणाच्या नोंदी आहेत, काही खऱ्या, काही कागदोपत्री. पण जमिनीच्या प्रकाराच्या रकान्यात अजून तोच शब्द लिहिलेला आहे: गायरान. कारहुणवीच्या, आमच्या बैलांच्या सणाच्या, आत तीन भागांच्या खुणा रोवायच्या आहेत. दगड ओढायला बैलगाडी लागेल, आणि गावात आता तीनच बैलजोड्या उरल्या आहेत. त्यातल्या दोन जोडीवाल्यांनी येतो म्हणून सांगितलं आहे.